खोली खाली आणण्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधीच सांगून टाकते. तुमची झोपायची खोली खाली आणायचं ठरलंय. दादाशी बोलणं झालंय, सुतार सोमवारी येतोय. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही हसून ‘अजून शंभर पायऱ्या चढेन’ म्हणाला असतात आणि विषय तिथेच मिटला असता.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. मणक्याला मार लागून आलेल्यांचं वय, कारण आणि जागा लिहून ठेवायची. तरुण असतातच, त्यांत मुलगे जास्त, बहुतेक गाडीवरून किंवा उंचावरून पडलेले. पण वयाचा आलेख काढला की साठीनंतर दुसरा उंचवटा दिसतो, आणि तिथे कारणाच्या रकान्यात पुन्हापुन्हा एकच शब्द: ‘पडले’. छतावरून नाही हो, उभ्याउभ्या. रात्री लघवीला उठताना, जिन्याची शेवटची पायरी चुकून. 2021 साली जगात दीड कोटीहून जास्त माणसं मज्जारज्जूची, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोराची, इजा घेऊन जगत होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

तुम्ही म्हणाल, माझी हाडं भक्कम आहेत. असतील. पण मानेच्या स्पॉन्डिलोसिसने, म्हणजे वयानुसार मणके झिजल्याने, मज्जारज्जूची जागा आधीच अरुंद होते. तोंडावर पडून मान झटक्यात मागे गेली, तर हाड न मोडताही तो चेपतो. अशा वेळी पायांपेक्षा हातांची ताकद जास्त जाते. एक आजोबा स्वतः चालत टेबलापाशी आले, पण पेन बोटांत धरवेना. घाबरवत नाहीये. तुमची तब्येत छान आहे, ती तशीच राहावी एवढंच.

खाली सगळं येईल: आरामखुर्ची, रेडिओ, वाचायचा दिवा, आईची उशाकडची छोटी तिपाई. पलंग खिडकीशीच. वरची खोली तुमचीच आहे. दिवसा खुशाल जा, कठडा धरून. मी झोपेचं सोंग घेऊन पडायचे आणि तुम्ही मला उचलून त्याच जिन्याने वर न्यायचात. सोंग कळायचं ना तुम्हाला?

आई, आता तुझ्यासाठी. बाथरूमपर्यंत रात्रभर दिवा चालू ठेव, बिलाचा विचार करू नकोस. सरकणारी पायपुसणी काढ. बाबांच्या झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचार, तिने तोल जातो. आणि कुणी पडलंच, मान दुखतेय किंवा हातापायांना मुंग्या येतायत असं म्हणालं, तर नानांच्या वेळी केलं तसं ओढून बसवायचं नाही. डोकं-मान आहे तशीच धरायची आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची.

स्टूल दादा घेऊन जाईल. पंखे मी आले की पुसेन, तोवर राहू दे धूळ. रागावायचं असेल तर रविवारी फोनवर रागवा, मी ऐकून घेईन.

तुमची,
छकुली