घरातल्या ओलीचीही पातळी मोजायला हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते. पावसाळ्यात आम्ही नदीकाठच्या भागातले लोक सकाळचा चहा घेण्याआधी वर्तमानपत्रात तोच आकडा पाहतो. मात्र पाणी ओसरल्यावर जी ओल भिंतींत, गाद्यांत आणि कपाटांमागे महिनोन्‌महिने मुरून राहते, तिची मोजदाद कुणीच करत नाही. त्या ओलीचा माणसाच्या श्वासाशी थेट संबंध असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात कमरेएवढे पाणी होते आणि २०२१ च्या जुलैमध्ये ते पुन्हा आले. दोन्ही वेळा आम्ही गाळ उपसला, फरशी धुतली, पाणी उकळून प्यायलो. दुसऱ्या पुरानंतर मात्र दिवाळीच्या आधी घाईघाईने आतल्या खोलीला ऑइल पेंट मारून घेतला, ही आमची चूक झाली. विटा आणि गिलावा यांनी शोषलेले पाणी सावकाश वाफ होऊनच बाहेर पडते. त्यावर रंगाचा बंद थर चढवला की ते आतच कोंडते. वर्षभरात भिंतीला पोपडे सुटले, भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे काळी बुरशी धरली आणि त्या खोलीत झोपणाऱ्या माझ्या नातवाला रात्रीचा खोकला जडला. औषधाने तो बसे आणि पुन्हा उठे. अखेर आमच्या डॉक्टरांनी पोरगा कोणत्या भिंतीकडे डोके करून झोपतो, असे विचारले, तेव्हा आमचे लक्ष तिकडे गेले. अंथरूण हलवले, रंग खरवडून भिंत मोकळी केली, जुनी गादी टाकून दिली. त्यानंतर खोकला उतरत गेला. एका घराच्या अनुभवाला पुरावा म्हणता येणार नाही, हे मला कळते. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत हेच नमूद आहे: ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा धोका अधिक असतो, आणि दमा असेल तर तो बळावतो.

हे घडते कसे, हेही लोकांना सांगितले पाहिजे. गादी, उशी आणि वाकळ यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे राहतात. ते पाणी पीत नाहीत. हवेतला दमटपणा अंगात शोषून जगतात. म्हणून हवेची सापेक्ष आर्द्रता (हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, तिच्या किती टक्के वाफ हवेत आहे ते प्रमाण) दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते टिकत नाहीत आणि ७०-८० टक्क्यांत भराभर वाढतात. त्यांची विष्ठा श्वासावाटे आत गेली की ॲलर्जी असलेल्या माणसाला शिंका आणि धाप लागते. बुरशीचेही तसेच आहे.

मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, तेव्हा थोडे गणित मांडतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. २४ अंश सेल्सिअसला तेवढी हवा जास्तीत जास्त सुमारे ७४० ग्रॅम वाफ धरू शकते. आर्द्रता आधीच ८० टक्के असेल तर उरते जेमतेम दीडशे ग्रॅम. अशा बंद खोलीत दोरीवर बादलीभर कपडे वाळत घातले तर त्यांतले दीड-दोन लिटर पाणी जाणार कुठे? ते भिंतीत, गादीत आणि पुस्तकांत जाते. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे एका सिलिंडरमागे वीस लिटरहून अधिक. हेही फारसे कुणी लक्षात घेत नाही. त्यामुळे बाहेर पाऊस असला तरी स्वयंपाक करताना खिडकी उघडी किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा चालू हवाच. एरवी आषाढातली बाहेरची हवा आत घेऊन घर वाळत नाही. त्यासाठी उघडीप मिळाली की सगळी दारे-खिडक्या उघडावीत आणि कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत. बाळंतिणीच्या खोलीत दुपटी वाळवायला निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची पद्धत मात्र कृपया बंद करावी. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि त्याला वास नसतो.

हवा फार कोरडी असणेही चांगले नाही. हिवाळ्यात किंवा एसीच्या खोलीत नाकाघशाचे अस्तर सुकते, जंतूंना बाहेर लोटण्याचे त्याचे काम मंदावते आणि फ्लूचा विषाणू अशा हवेत अधिक काळ टिकतो. साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता शरीराला मानवते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तेवढ्यावर येणे अवघड आहे, हे मान्य. पण ९० आणि ७० यांतही मोठे अंतर आहे.

आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते. महापालिकेच्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, पूरग्रस्त भागात घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांकडे हे यंत्र द्यावे आणि जिथे दम्याचे रुग्ण, लहान मुले वा वृद्ध आहेत, त्या घरांची नोंद ठेवावी. पुरानंतरच्या पंचनाम्यात भिंत पडली का, एवढेच पाहिले जाते. उभ्या राहिलेल्या भिंतीत किती ओल आहे, याचाही एक रकाना त्यात असावा. आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत ऑइल पेंट लावू नये, ही एक ओळ तरी पूर ओसरल्यानंतरच्या सूचनापत्रकात छापावी. आपण आपल्या दैनिकातून या मागण्यांचा पाठपुरावा करावा, अशी अपेक्षा आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी, कोल्हापूर