एम्युलेटर म्हणजे पायरसी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या व्हिडिओ गेम्सच्या पायरसीवरची तुमची बातमी वाचली, त्यात एम्युलेटर आणि पायरसी एकच असल्यासारखं लिहिलंय ते फार खटकलं म्हणून हे पत्र. एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनसारखं वागणारं सॉफ्टवेअर, बस. त्यात गेम नसतो. गेमची फाईल, जिला रॉम म्हणतात, ती वेगळी, आणि सगळं भांडण तिच्यावरून आहे. प्लेस्टेशनच्या एम्युलेटरवरून सोनीने कनेक्टिक्स कंपनीला कोर्टात खेचलं होतं, २००० साली अमेरिकेतल्या अपील कोर्टाने निकाल कनेक्टिक्सच्या बाजूने दिला. लोक लगेच युझूचं, म्हणजे निन्टेन्डो ह्या गेम कंपनीच्या स्विच मशीनच्या एम्युलेटरचं उदाहरण देतात, की २०२४ मध्ये तो बनवणाऱ्यांना निन्टेन्डोला २४ लाख डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं, पण ती केस तडजोडीत मिटली, एम्युलेटर बेकायदेशीर असा निकाल कोर्टाने दिलाच नाही, आणि मुख्य आरोप गेम्सचं डिजिटल कुलूप तोडण्याचा होता, तेही आज दुकानात विकत मिळणाऱ्या गेम्सचं.

खरी चोरी बघायची तर आपल्या इंदूरात जेल रोडला चक्कर मारा. टीव्हीला लावायची गेम स्टिक मिळते, पेनड्राइव्हपेक्षा जराशी मोठी, सोबत दोन वायरलेस रिमोट, खोक्यावर दहा हजार गेम्स असं छापलेलं, आणि लावली की तोच मारिओ आणि तोच काँट्रा नावं बदलून बदलून परत येत राहतात. ज्यांनी गेम बनवला त्यांना ह्यातला एक रुपया जात नाही. आणि आत जे एम्युलेटर भरलेले असतात ते लोकांनी वर्षानुवर्षं फुकट मेहनत करून बनवलेत, स्नेस९एक्स नावाच्या एम्युलेटरच्या लायसन्समध्ये तर धंद्यासाठी वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे हे लोक दोघांनाही लुटतात. ह्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे.

घरी रॉम डाउनलोड करणाऱ्यांनीही उगाच खोटे आधार देऊ नयेत. चोवीस तासात डिलीट केलं तर चालतं असा कुठलाच नियम नाही, आणि कंपनीने विकणं बंद केलं म्हणून कॉपीराइट संपत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रामचा बॅकअप घ्यायला सूट आहे, पण आपल्याकडे नव्वदच्या दशकात जी पिवळी ९९९९ इन १ कार्ट्रिज मिळायची ती मुळातच नकली होती, त्यामुळे लहानपणी आमच्याकडे होती, म्हणून आता रॉम घेतली तर चालते, हा मुद्दा तिथेच पडतो.

मग जुने गेम्स खेळायचे कुठे? जुने गेम्स जपण्यासाठी काम करणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन ह्या अमेरिकन संस्थेचा २०२३ चा अभ्यास आहे, अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू ह्या आपल्या जुन्या गेम मशीन्सचं ऑनलाइन दुकान बंद केलं, म्हणजे पैसे हातात घेऊन उभा असलेला माणूसही तिथून काही घेऊ शकत नाही. लायब्ररींनी असे गेम्स अभ्यासकांना घरबसल्या वापरू द्यावेत ही मागणीसुद्धा अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने २०२४ मध्ये फेटाळली. कंपन्या विकणार नाहीत आणि जपूही देणार नाहीत, हे मला साफ चुकीचं वाटतं. सीडी खराब होतात, खेळ कुठवर आला ते लक्षात ठेवणारी कार्ट्रिजमधली बॅटरी संपते, कॉपीराइट संपेपर्यंत हे सामान टिकणार नाहीये.

आपल्याकडे तर सोय अर्धी झालेलीच आहे. कलम ५२ प्रमाणे ना-नफा सार्वजनिक लायब्ररीला जपणुकीसाठी डिजिटल कॉपी ठेवता येते, पण अट अशी की त्यांच्याकडे आधी त्याची नॉन-डिजिटल प्रत पाहिजे. पुस्तकाला हे जमतं, गेम जन्मापासूनच डिजिटल, त्याची कागदी प्रत आणणार कुठून? ही अट सॉफ्टवेअर आणि गेम्ससाठी काढा, एवढी मागणी तुमच्या पेपरने लावून धरावी आणि आपल्या खासदारांपर्यंत पोचवावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, रामबाग, इंदूर