छोटी बॅटरी बदलल्यावर लागणाऱ्या दिव्यांची माहिती मराठीत द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विजेच्या मोटारींच्या टोलमाफीच्या बातम्या मी आपल्या अंकात वाचत असते. २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर ती सुरू झाली, याचा मला आनंदच आहे. मी स्वतः चार वर्षं विजेची मोटार चालवते. पण मी राहते गडहिंग्लजला. माझ्या गाडीचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात, म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. आमच्यासारख्या गावातल्या गाडीमालकांना टोलमाफीच्या आधी गाडीच्या माहितीपुस्तकात तिच्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीविषयी मराठीतलं एक पान हवं आहे. ते का हवं, हे कळावं म्हणून श्रावणात माझ्यावर आलेला प्रसंग सविस्तर लिहिते.

सकाळी गाडी उघडायला गेले तर किल्लीचं बटण चालेना. आदल्या रात्री मोठी बॅटरी ६० टक्के भरलेली मी स्वतः पाहिली होती. किल्लीतली साधी चावी काढून दार उघडलं, आत सगळा अंधार. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, घरात व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर असतो. बॉनेट उघडून बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर लावला, तर १०.८ व्होल्ट. शिशाची बॅटरी भरलेली असेल तर गाडी बंद असताना साधारण १२.६ दिसायला हवेत.

विजेच्या गाडीत ही छोटी बॅटरी असते हेच पुष्कळांना माहीत नसतं. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी बहुतेक गाड्यांत तीनशे-चारशे व्होल्टची असते आणि गाडी बंद केली की सुरक्षेसाठी ती बाकीच्या गाडीपासून तोडलेली राहते. तिला जोडणारे जाडजूड रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, ज्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात, ते ओढून घ्यायचं काम छोट्या बॅटरीचं. कुलपं, दिवे, ब्रेकचा संगणक, चालकासमोरचा पडदा हे सगळंही तिच्यावरच. म्हणजे मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी छोटी बसली की गाडी जागची हलत नाही. पेट्रोलच्या गाडीत बॅटरी थकली की स्टार्टर रडत रडत फिरतो, आठ-पंधरा दिवस आधी कानाला कळतं. विजेच्या गाडीत स्टार्टरच नाही. म्हणून काल सगळं ठीक आणि आज काहीच नाही, असं होतं.

बाजारपेठेतला बॅटरीवाला माझा जुना विद्यार्थी. त्याने त्याच मापाची आणि त्याच प्रकारची नवी बॅटरी आणली, साडेपाच हजार रुपये घेतले आणि जुनी परत नेली. शिशाची बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारात न देता दुकानदाराकडेच परत द्यावी. काम त्याने नीट केलं. चार्जिंगची गन काढलेली, गाडी बंद, किल्ली घरात. आधी निगेटिव्ह सोडली आणि शेवटी निगेटिव्हच जोडली. नारिंगी रंगाच्या केबलींना हात लावायचा नाही हे मी त्याला सांगण्याआधी त्यानेच मला सांगितलं. त्या मोठ्या बॅटरीच्या केबली, त्यांच्या वाटेला आपण जाऊच नये.

गाडी सुरू केली. गाडी चालायला तयार असल्याचं सांगणारं ‘रेडी’ आलं, पण पडदा दिव्यांनी भरून गेला. स्टिअरिंग, ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस, गाडी घसरू न देणारी यंत्रणा, चढावर धरून ठेवणारा ब्रेक, टायरची हवा, आणि ‘विद्युत यंत्रणा तपासून घ्या’ असा इंग्रजीतला पिवळा संदेश. गाडीतलं घड्याळ पुन्हा बाराच्या ठोक्यावर. मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडून सांगण्यात आलं की बाहेरच्या माणसाचा हात लागल्यामुळे मॉड्यूल, म्हणजे आतला एखादा संगणक, गेलं असणार, गाडी चालवू नका, ट्रकवर घालून पाठवा. ट्रकचं भाडं नव्या बॅटरीपेक्षा जास्त होतं.

माझा विद्यार्थी म्हणाला, “बाई, एवढी सगळी यंत्रं एकाच मिनिटात कशी मोडतील? ह्यांचं मूळ एकच असणार बघा.”

त्याचं म्हणणं मला शास्त्राला धरून वाटलं. स्टिअरिंग, ब्रेक आणि टायरमधला सेन्सर यांना सांधणारी गोष्ट म्हणजे त्यांना मिळणारी वीज. मी पुन्हा मल्टिमीटर घेतला. नव्या बॅटरीवर गाडी बंद असताना १२.३ व्होल्ट आले. बॅटरी दुकानात आठ महिने पडून होती, तारीख तिच्यावरच होती, आणि पडून राहिलेली बॅटरी हळूहळू उतरतेच. पण खरा दोष पुढे सापडला. हेडलाइट लावून मी मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी तिच्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर धरली. दोन्ही धातू एकमेकांना चिकटलेले, तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले ०.५ व्होल्ट. क्लॅम्प खुंटीवर पूर्ण खाली बसलाच नव्हता, वरच्या काठाला अडकून आवळला गेला होता. बोटाने हलवला तर हलत होता. ‘रेडी’ येण्याआधीचे एक-दोन क्षण सगळा भार छोट्या बॅटरीवर असतो. नेमक्या त्या क्षणी वीज खाली-वर झाली की एकेक संगणक आपापली तक्रार लिहून ठेवतो.

त्याने काळजी घेतली नाही असं नव्हे. त्या क्लॅम्पवर बॅटरीची प्रकृती मोजणारा एक छोटा डबीसारखा सेन्सर असतो, त्यामुळे तो साध्या क्लॅम्पसारखा सहज खाली सरकत नाही. हे कुठे लिहिलेलं असतं तर त्याने पहिल्यांदाच पाहिलं असतं.

क्लॅम्प सोडून, खुंटी घासून, खालपर्यंत बसवून दहाच्या पान्याने आवळला. हँडब्रेक ओढून गाडी तासभर ‘रेडी’त ठेवली. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, म्हणजे मोठ्या बॅटरीतून छोटी भरणारा कन्व्हर्टर ठणठणीत. मग बंद करून, कुलूप लावून, किल्ली लांब ठेवून वीस मिनिटं गाडीला हात लावला नाही, कारण आतले संगणक झोपायला वेळ घेतात आणि झोपून उठले की बऱ्याच खोट्या तक्रारी सोडून देतात. पुन्हा सुरू केली तेव्हा तीन दिवे गेलेले. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवलं, कारण वीज तुटल्यावर सरळ कुठे आहे हे त्याचा सेन्सर विसरतो. शाळेच्या मैदानाभोवतीच्या रस्त्यावर हळू चालवली, पहिल्या दोनशे मीटरमध्ये एबीएस आणि घसरणीचा दिवा विझला. टायरचा दिवा पंधरा मिनिटांनी. खिडकीची काच एका दाबात वर जाईना, तिला बटण दाबून धरून पुन्हा शिकवावं लागलं. हे सगळे बिघाड नव्हतेच.

शेवटचा पिवळा संदेश मात्र गेला नाही. गाडीच्या संगणकातल्या तक्रारी वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या स्कॅनरवर ‘पूर्वी कमी व्होल्टेज’ आणि ‘संपर्क तुटला होता’ अशा जुन्या नोंदी दिसल्या, पण कंपनीच्या खास भागात तो स्कॅनर शिरू शकत नाही. मी गाडी स्वतः चालवत कोल्हापूरला नेली. दहा मिनिटांत नोंद पुसली गेली, १२०० रुपये घेतले. त्या नोंदीचा कोड काय होता, हे मी तीन वेळा विचारलं. “ते ग्राहकाला देत नाही,” एवढंच उत्तर मिळालं. माझ्या गाडीच्या पोटात काय लिहिलेलं आहे हे मला का सांगू नये? या उत्तराचा मला फार त्रास झाला.

छोट्या बॅटरीचा प्रश्न क्षुल्लक नाही हे कंपन्यांना ठाऊक आहे. जून २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, कारण चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या भागातल्या दोषाने बारा व्होल्टची बॅटरी उतरू शकत होती. माझी गाडी त्या कंपनीची नाही, पण छोट्या बॅटरीचं काम सगळीकडे तेच आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. माझी मागणी त्याच धाग्यातली आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक विजेच्या मोटारीच्या माहितीपुस्तकात छोट्या बॅटरीचं एक पान मराठीत असावं: ती कुठे आहे, कोणत्या मापाची व प्रकारची, काढायची-घालायची कशी, नंतर कोणते दिवे लागतील आणि किती वेळात विझतील. आणि ज्या दिव्यावर गाडी तिथेच थांबवायची, तोही ठळक छापावा. ब्रेकचा लाल दिवा, मोठ्या बॅटरीच्या तापमानाचा किंवा वीजगळतीचा इशारा, आणि ‘रेडी’त असूनही जळत राहणारा लाल बॅटरीचा दिवा, म्हणजे कन्व्हर्टर छोट्या बॅटरीला भरत नाही. अशा वेळी मल्टिमीटर घेऊन बसू नये, मदत बोलवावी. पिवळ्या आणि लाल दिव्यातला हा फरक कुणी सांगत नाही. म्हणून एक जण विनाकारण ट्रकचं भाडं भरतो आणि दुसरा सगळेच दिवे खोटे समजून गाडी दामटतो. दुसऱ्याची मला जास्त भीती वाटते.

कोडचे अर्थ आणि ते पुसण्याची सोय गावातल्या प्रशिक्षित बॅटरीवाल्यालाही वाजवी शुल्कात मिळावी. माझ्या विद्यार्थ्यासारखी हुशार मुलं तालुक्या-तालुक्यात आहेत, आणि उद्याच्या गाड्या त्यांच्याच दारात येणार आहेत.

तोवर मी असं एक पान हाताने लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवलं आहे. त्याची एक प्रत विद्यार्थ्याने दुकानात भिंतीला लावली आहे, दुसरी या पत्रासोबत जोडत आहे. जागा असेल तर ती छापावी.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर