बेल्टचे विचारलेत, खाली कोण होते?

मा. संपादक,
स. न.

बूम लिफ्टवरून, म्हणजे लांब यांत्रिक हाताच्या टोकाला असलेल्या बास्केटमधून माणसाला उंचावर नेणाऱ्या मशीनवरून, पडून दगावलेल्या कामगाराची बातमी कालच्या अंकात वाचली आणि रात्री झोप लागली नाही. ‘त्याने सेफ्टी बेल्ट लावला नव्हता’ हे ठेकेदाराचे म्हणणे जसेच्या तसे छापून तुम्ही बातमी संपवलीत. म्हणजे दोष मेलेल्याचा, आणि विषय मिटला.

बेल्ट हवाच, त्याबद्दल वाद नाही. नुसता अंगात घालून भागत नाही, त्याचा हूक बास्केटमधल्या कड्यात अडकवावा लागतो. खाली एक चाक ड्रेनेजच्या खचलेल्या झाकणात गेले, तर वर बास्केट असा झोला खाते की आतला माणूस बाहेर फेकला जातो. मग ती जमीन आधी कोणी तपासली होती? मशीन चालू असताना खाली कोण उभे होते? तुमच्या वार्ताहराने यातले काही विचारल्याचे बातमीत दिसत नाही.

शेड उभारणीच्या कामांवर सुपरवायझरी करण्यात माझी हयात गेली. चाकणजवळच्या एका गोदामात पाहिलेले अजून डोळ्यांपुढून जात नाही. बास्केट मागे घेताना ऑपरेटरची पाठ पर्लिनला, म्हणजे छताचे पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या लोखंडी पट्टीला, लागली आणि तो पुढच्या कंट्रोल पॅनलवर दाबला गेला. छातीखालीच लिव्हर, त्यामुळे मशीन त्याला आणखी वर रेटू लागले. बेल्ट होता, हूक लावलेला होता, हेल्मेटही होते. खाली आरडाओरडा. एक जण शिडी आणायला पळाला, दुसरा मशीनमालकाला फोन लावत बसला. मशीनच्या बुडाशी, त्यांच्या हाताच्या अंतरावर दुसरे पॅनल होते. तिथली चावी ‘ग्राउंड’वर फिरवली की वरचे लिव्हर निकामी होतात आणि बास्केट खालून उतरवता येते. इंजिन बंद पडले तरी उतरवण्याची वेगळी सोय असते. त्या जमावात हे एकालाही शिकवलेले नव्हते. पलीकडच्या कामावरचा ऑपरेटर धावत आला म्हणून वर अडकलेला वाचला. बरगड्या मोडल्या, पुन्हा कधी तो उंचीवर चढला नाही.

खालचे पॅनल चालवता येणारा माणूस लिफ्टपाशी उभा असल्याशिवाय बास्केट वर जाता कामा नये. त्याला मधेच चहा आणायला पिटाळायचे नाही. सकाळी काम सुरू होण्याआधी त्याच्याकडून बास्केट एकदा खालून उतरवून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे, ठेकेदारांनी खर्चाचे कारण सांगू नये.

आणखी एक. पुतळ्याला हार घालायला बास्केटमधून वर गेलेल्या पुढाऱ्यांचे फोटो तुम्ही जयंतीला पहिल्या पानावर छापता. त्यांच्या अंगावर बेल्ट मला तरी कधी दिसलेला नाही. तोच फोटो साइटवरची पोरे मोबाईलवर बघतात आणि आम्ही हूक लावायला सांगितले की आम्हालाच दाखवतात. असे फोटो छापणे कृपया बंद करा.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर, भोसरी