तीर्थोपाध्यायांच्या वह्या जपायला हव्यात

महोदय,

आईच्या अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेलो होतो. आमच्या तीर्थोपाध्यायांनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं आणि जाडजूड वहीतून नेमकं पान काढलं. पणजोबांची नोंद मोडी लिपीत, त्याखाली आजोबांची सही. शेवटच्या अक्षराची शेपटी थेट समासापर्यंत ओढलेली. माझ्या प्रगतिपुस्तकावरही ते अशीच सही करायचे. डोळ्यांत पाणीच आलं.

पण आत्याआजी कुठेच नव्हती. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या याच बाईनं माझ्या वडिलांना वाढवलं. गुरुजींना विनंती केली, त्यांनी तिचं नाव तिथेच लिहून घेतलं.

या वह्या उपाध्यायांची खासगी ठेव आहे, ती त्यांच्याकडेच राहावी. मात्र कागद जीर्ण झालेत आणि मोडी वाचणारे मोजकेच. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधताना ही अडचण राज्यभर जाणवली. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेतच; त्यातच उपाध्यायांच्या संमतीनं या वह्यांचं स्कॅनिंग शासनानं करून द्यावं. आणि नाशिकला जाणाऱ्यांनी नोंद करताना लेकी-सुनांची नावंही आवर्जून सांगावीत.

– एक वाचक, कराड