सूचना: ट्रान्सफॉर्मरचा आवाज वाढल्यास

सर्व सभासद व देखभाल सुपरवायझर यांच्यासाठी,

५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर कोअरचे (ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या लोखंडी गाभ्याचे) पत्रे सेकंदाला १०० वेळा सूक्ष्म ताणले-आखडले जातात, त्यामुळे एकसुरी घूं-घूं ही राहणारच. तीत खडखड मिसळली, तर बहुतेकदा रेडिएटर, मार्शलिंग बॉक्सचं (कंट्रोलच्या वायरी एकत्र येतात त्या पेटीचं) झाकण किंवा चाकांचे अडसर सैल झालेले असतात. नट मात्र शटडाउन घेऊनच आवळा.

रात्री लोड उतरल्यावर आवाज चढत असेल, तर त्याच वेळी एलटी (कमी दाबाच्या बाजूचं) व्होल्टेज मोजा. ते जास्त असेल तर कोअरवर ताण येतो; टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करणारी वाइंडिंगवरची जोडणी) बदलावा लागेल. ऑफ-सर्किट टॅप स्विच एचटी (उच्च दाबाची) व एलटी अशा दोन्ही बाजू बंद करून, अर्थिंग करूनच फिरवायचा. चालू ट्रान्सफॉर्मरवर कधीही नाही!

वरच्या फ्लॅटच्या भिंतीत कंप जाणवतो, अशा तक्रारीवर नुसते रबर पॅड टाकून भागत नाही. बसडक्ट (वीज वाहणाऱ्या पट्ट्यांची बंद पेटी) ट्रान्सफॉर्मरच्या टँकला घट्ट जोडलेला असेल तर कंप तिथूनच चढतो. मध्ये तांब्याच्या लवचीक पट्ट्या हव्यातच.

तडतड किंवा तेल उकळल्यासारखा आवाज आला, तर वाट पाहू नका. लांबूनच पुरवठा बंद करा आणि बुशिंग (टँकमधून तारा बाहेर येतात तिथले इन्सुलेटर), तेलाची पातळी व तेलाचा बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सोसतं ते) तपासल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर पुन्हा चार्ज (चालू) करू नका.