आबा, दोष वांग्याचा नव्हता

पुणे, 24 मे

तीर्थरूप आबांना आणि आईला शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं, पण आबा फोनवर "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. आईचं निम्मं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे असतं. म्हणून लिहायला बसले. आबा, चष्मा लावून सावकाश वाचा. मध्येच राग आला तर घडी करून उशाखाली ठेवा, पण संध्याकाळी पुन्हा काढा.

न आवडणारी गोष्ट आधी सांगते. या खरिपाला तुम्ही रानात जायचं नाही. तात्यांच्या धाकट्याशी मी बोलले आहे. माळाचं आणि ओढ्याकडचं, दोन्ही रान तो निम्म्या वाट्याने करील. म्हशीचं दावं त्याच्याच गोठ्यात हलेल. तुम्हा दोघांना पहिला पाऊस पडायच्या आत मी इकडे घेऊन येणार आहे, आणि दिवाळी होईपर्यंत तुम्ही इथेच राहायचं आहे.

तुम्हाला न विचारता बोलले, हे माझं चुकलं. पण विचारलं असतं तर तुम्ही "यंदाचं एवढं होऊ दे" म्हणाला असता. गेल्या वर्षीही तेच म्हणालात, त्याच्या आदल्या वर्षीही. आबा, रान कुणाला देऊन टाकलेलं नाही. सातबाऱ्यावर नाव तुमचंच आहे. बोलणं तोंडी झालंय, एका हंगामापुरतं. माळाला बाजरी घ्यायची की तूर, ते तुम्हीच ठरवायचं, आणि तो रोज रात्री तुम्हाला फोन करून विचारणार आहे. तुम्ही थकलात म्हणून मी हे केलं असं मनात आणू नका. तुमच्याइतकं काम आमच्यापैकी कुणाला जमत नाही. तुम्हाला रानाबाहेर काढायचं नाहीये, तुमची ही खाज ज्याच्यामुळे उठते त्या गाजर गवतापासून लांब ठेवायचं आहे.

एप्रिलमध्ये पाठीवर चिकटपट्ट्या लावून केलेल्या तपासणीचा कागद माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत, पण गाडीत बसल्यावर "गवतानं कुठं एवढं होतं का" म्हणालात. म्हणून पुन्हा सांगते.

पट्ट्यांवरच्या छोट्या छोट्या वाट्यांत वेगवेगळी द्रव्यं होती. सिमेंटमधलं होतं, कारण घर बांधताना तुम्ही हाताने माल कालवला होता. चपलेच्या रबरातलं होतं, घड्याळाच्या पट्ट्यातल्या निकेलचं होतं, आणि आईचा ज्याच्यावर पहिल्यापासून संशय, त्या कलपातलंही होतं. 48 तासांनी पट्ट्या काढल्या, दोन दिवसांनी पुन्हा पाठ पाहिली. सगळ्या जागा कोऱ्या होत्या. एकच जागा लाल, फुगलेली, वर बारीक पाण्याचे फोड. ती गाजर गवताची.

तुम्ही डॉक्टरांना विचारलंत, चाळीस वर्षं हे गवत हाताने उपटतोय, तेव्हा काही झालं नाही, मग आताच का? प्रश्न बरोबर होता, आणि त्यांचं उत्तर माझ्या मनात राहिलं आहे. अंग वर्षानुवर्षं सोसतं, आणि एक दिवस ते द्रव्य वैरी म्हणून ओळखतं. एकदा ओळखलं की मग विसरत नाही. त्या द्रव्याला पार्थेनिन म्हणतात. पानांवर, फुलांवर जी बारीक लव असते तिच्यात ते असतं. हात लावायचीच गरज नाही. वाळलेला चुरा धुळीबरोबर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. म्हणून तुमच्या पापण्या सुजतात, मानेच्या दोन्ही बाजू आणि कोपराच्या खळग्या सोलतात, आणि बंडीच्या आतली पाठ-छाती मात्र स्वच्छ. टोपीखालचं कपाळही कोरं. डॉक्टरांनी सदरा काढायला लावला आणि बंडीच्या कडेची ती रेघ बघितली, तेव्हाच त्यांना निम्मं कळलं होतं.

उरलेलं निम्मं मला फोटोंत सापडलं. रात्री झोप येईना म्हणून तीन वर्षांचे फोटो काढून बसले. फेब्रुवारीतल्या लग्नात तुमचा चेहरा नितळ. गौरी-गणपतीत लालभडक. दिवाळीला काळवंडलेला, कातडी जाड झालेली. पुन्हा मार्चमधल्या जत्रेत बरा. मोतीबिंदूच्या वेळी ऐन भाद्रपदात वीस दिवस माझ्याकडे होतात, तेव्हाच्या फोटोत पापण्या उतरलेल्या. परत गेलात आणि आठ दिवसांत आईचा फोन आला, "पुन्हा सुरू झालं गं." सगळं डोळ्यांसमोर होतं. मी ओळीने लावून कधी बघितलंच नव्हतं.

आणि हे एकट्या तुमचं दुखणं नाही. या गवताची आपल्याकडची पहिली नोंद 1955च्या सुमारास झाली, तीही पुण्यातच. परदेशी गव्हाबरोबर बी आलं असं सांगतात. पुढे 1970च्या दशकात पुण्याकडच्याच डॉक्टरांनी यामुळे होणारा त्वचारोग अभ्यासून लिहून ठेवला. शेतात राबणाऱ्या, वयाने मोठ्या पुरुषांमध्ये तो जास्त दिसतो. इतकं जुनं, इतकं आपल्याच भागातलं दुखणं, आणि आपण तीन वर्षं कधी नायटा म्हणालो, कधी पित्त, कधी इसब.

मेडिकलवाल्याने दिलेलं ते मलम आठवतं ना? लावलं की दोन दिवसांत थंड, सोडलं की दुप्पट. त्यात जंतूंचं, बुरशीचं आणि स्टेरॉइडचं औषध एकत्र होतं. महिनोन् महिने चोळून मानेची कातडी कागदासारखी पातळ झाली. मी तुम्हाला रागावत नाही, ती ट्यूब संपली की दुसरी पाठवणारी मीच होते.

आबा, एक गोष्ट मला छळते. गेल्या गणपतीत आमच्याकडे सगळे जमले होते. तुम्ही पाटावर बसून मान खाजवत होतात, आणि मी जवळ येऊन हळूच म्हणाले, "आबा, हात आवरा, सगळे बघतायत." तुम्ही लगेच हात मांडीखाली घेतलात. जेवण होईस्तोवर तसेच बसलात. मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं. रात्र रात्र न झोपलेल्या माणसाला मी हात आवरायला सांगितलं.

मी दुसरीत असताना मला कांजिण्या आल्या होत्या. आई माहेरी, आजीचं दुखणं होतं. तुम्ही कडुलिंबाची डहाळी आणून माझ्या अंगावरून फिरवत होतात, सारखी, सारखी. "खाजवू नको माझी बाय, डाग पडतील." मी झोपले की तुमचा हात थांबायचा, मी चुळबुळले की पुन्हा सुरू. सकाळी तुम्ही तसेच भिंतीला टेकून झोपलेले, डहाळी हातात. एप्रिलमध्ये पट्ट्या लावलेल्या त्या दोन रात्री, पाठ भिजवायची नाही, खाजवायची नाही, म्हणून तुम्ही पालथे पडून होतात. मी शेजारी बसून दंडावरून ओला पंचा फिरवत होते. तुम्हाला झोप लागली होती, म्हणून कळलं नसेल.

आता आई, तुझं. तू चिडणार हे मला माहीत आहे. परसातली शेवंती काढावी लागेल. गाजर गवत आणि शेवंती एकाच कुळातली. गवत ज्याला सोसत नाही त्याला शेवंतीही बाधू शकते, आणि तू रोज देवापुढे तीच ओंजळभर ठेवतेस. देवाला मोगरा घाल, जास्वंद घाल, तुळस आहेच. रोपं उपटून टाकू नकोस, वहिनीला दे, तिच्याकडे जगतील. दसऱ्याला झेंडूचं तोरण मी ओवीन, आबांनी ओवायचं नाही. आणि कडुलिंबाच्या पाण्याला मी नावं ठेवत नाही, पण कढत पाण्याने खाज वाढते. कोमट पाणी घे, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लाव.

ऐन श्रावणात म्हशीचं दूध कडू लागतं म्हणून तू धार काढल्यावर चव घेऊन बघायचीस ना? ते याच गवतामुळे. म्हैस खाते आणि कडवटपणा दुधात उतरतो. तू दुधावरून ओळखलं होतंस, आम्हाला माणसावरून ओळखता आलं नाही.

इथली खोली तयार आहे. आबांसाठी लाकडी पलंग आणि काथ्याची गादी घेतली आहे, मऊ गादीवर तुमची पाठ धरते. पाचव्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे, आणि वीज गेली तरी लिफ्ट चालते, मी स्वतः खात्री केली. पहाटे पाचचा चहा मी करीन. रेडिओला नवे सेल घातलेत. आई, ज्वारी घरचीच आण, गिरण दोन मिनिटांवर आहे. मागच्या गल्लीत विठ्ठलाचं देऊळ आहे, एकादशीला भजन असतं, बायकाही आपल्याकडच्याच आहेत, दोघी तर श्रीगोंद्याच्या.

गाजर गवत पुण्यातही आहे, हे लपवत नाही. आमच्या मागच्या बाजूला दोन मोकळे प्लॉट त्यानेच भरलेले होते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला, दोनदा खेटे घातले, आता ते काढून नेलंय. तरीही आबांनी त्या बाजूला फिरायला जायचं नाही. समोरचा बागेचा रस्ता मी पायी चालून बघितला आहे, तिथे नाही.

तोवर हे पाळायचं. आबांनी बांधावरही जायचं नाही, "नुसतं बघून येतो" हेसुद्धा नाही. कपडे रानाकडच्या तारेवर वाळत घालायचे नाहीत. डॉक्टरांनी दिलेलं मलम दिवस मोजून लावायचं, बरं वाटलं म्हणून लांबवायचं नाही. जुनी ट्यूब फेकून द्या, आई, तू समोर उभी राहून फेकायला लाव. पावसात पुन्हा उठलंच तर डॉक्टर एक गोळी सुरू करणार आहेत. तिच्या आधी आणि नंतरही ठरल्या वेळी रक्त तपासावं लागतं, ती तपासणी तुम्ही इथे असल्याशिवाय होणार नाही. मी हट्ट धरलाय त्यामागे हेही एक कारण आहे. समूळ जाईल असं त्यांनी वचन दिलेलं नाही, पण गवत लांब राहिलं तर शांत झोप मिळेल, एवढं म्हणाले आहेत. मला तेवढी झोप हवी आहे तुमच्यासाठी.

रानातल्या गवताचंही बघितलंय, म्हणजे तुम्हाला घोर नको. धाकटा फुलं यायच्या आत, ओल असताना, हातमोजे घालून आणि तोंड बांधून उपटणार आहे. बांधाला टाकळ्याचं बी टाकतो म्हणाला. टाकळा दाटला की गाजर गवताला जागा मिळत नाही. हे गवत खाणारा एक मेक्सिकन भुंगाही असतो, 1984 मध्ये आपल्या देशात पहिल्यांदा सोडला. पाऊस पडल्यावर पानांवर दिसतो. धाकट्याला सांगितलंय, पांढुरके, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर औषध फवारू नको. तुम्हीही फोनवर त्याला आठवण करा, तुमचं तो ऐकतो.

येत्या रविवारी सकाळी गाडी घेऊन येते. एसटीने निघू नका.

आणि आई, कुणी म्हणालं वांग्याने खाज येते, म्हणून आबांनी तीन वर्षं वांगं तोंडात घातलं नाही. शेंगदाणे सोडले, अंडं सोडलं, आंबट सोडलं. तूही त्यांच्याबरोबर अळणी खात राहिलीस. डॉक्टरांना मी मुद्दाम विचारून घेतलं. यातलं काहीच सोडायची गरज नव्हती. परसातली काटेरी वांगी अजून असतील तर पिशवीभर तोडून ठेव, आणि तुझा काळा मसाला घे. रविवारी रात्री इथे पोचल्यावर भरली वांगी करू, शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने घालून. पहिली आबांच्या ताटात.

तुमची,
ताई